भेवभाऊ

पेशंट टेबलावर आला, की ऑक्सिजनचा मास्क हातात घेण्याआधी हा माणूस मोठ्याने म्हणायचा, "मॅडम, मले भेव लागून राह्यलं." पहिल्या दिवशी मला वाटलं, नवीन असेल बिचारा. चौकशी केली तर कळलं, ऑपरेशन थिएटरात भूल देणाऱ्या डॉक्टरांच्या हाताखाली टेक्निशियन म्हणून त्यांना तीस वर्षं होत आली होती. ते भेव रोजचं होतं आणि खरं होतं. बोलताना त्यांचा खालचा ओठ थरथरायचा.

मी एम.डी. करून कर्करोगाच्या पेशंटना भूल देण्याचं आणि वेदना कमी करण्याचं पुढचं शिक्षण घ्यायला रायपूरच्या एका रुग्णालयात आले होते. आले म्हणजे परतच आले. घर तिथल्याच चौबे कॉलनीत. त्यांना सगळे भाऊ म्हणायचे. माझं मराठी आडनाव ऐकून भाऊंचा चेहरा खुलला. "अरे, हे तर आपली पोट्टी हाये!" म्हणाले, आणि तेव्हापासून माझ्याशी मराठीतच बोलले. आम्ही शिकणारे चौघे मात्र पाठीमागे त्यांना 'भेवभाऊ' म्हणायचो. ते नाव मीच ठेवलं होतं. एम.डी. झालेल्या माणसाला कुणी घाबरायला शिकवू नये, असं माझं स्पष्ट मत होतं.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी भाऊ वॉर्डात फिरायचे आणि प्रत्येकाला स्वतःचीच बोटं उभी करून तोंडात घालायला सांगायचे. तीन बोटं गेली तर ठीक. गुटख्याने, दातांना घासायच्या गुडाखू तंबाखूने तोंड आखडलेल्यांचं एकच बोट जेमतेम जायचं. अशा माणसाला आधी झोपवलं आणि श्वास अडला, तर तोंडातून नळी घालायला वाट नसते. म्हणून घसा बधिर करून, माणूस जागा असताना, नाकातून दुर्बिणीवरून नळी सरकवायची आणि मगच झोपवायचं. पुस्तकात हे एका पानात येतं. प्रत्यक्षात समोरचा माणूस गुदमरल्यासारखा तडफडतो आणि डोळ्यांनी विनवतो.

धमतरीकडची एक म्हातारी तशीच विनवत होती. "सुता दे बेटी," झोपव मला, म्हणून रडत होती. आम्हाला शिकवणारे सर बाजूच्या थिएटरात होते. मला तिची दया आली आणि मी झोपेचं औषध ठरल्यापेक्षा जास्त दिलं. रडणं थांबलं. मला फार बरं वाटलं, अगदी थोडा वेळ. मग मॉनिटरची टिकटिक जाड होत खाली उतरायला लागली. रक्तातला ऑक्सिजन कमी होतो तसा तो आवाज उतरतो. मास्क घट्ट धरूनही हवा आत जाईना.

"मॅडम, आवाज उतरून राह्यला!" भाऊंनी झोपेच्या औषधाचा उतारा भरलेली सिरिंज माझ्या हातात कोंबली. ती त्यांनी सकाळीच भरून ठेवली होती, रोजच ठेवायचे. तिच्या शेजारी, वेळ आलीच तर श्वासासाठी गळ्याला छेद द्यायचा चाकू उघडा ठेवलेला. मी उतारा टोचला. सर धावत आले तोवर म्हातारीने एक लांब श्वास घेतला आणि पुन्हा रडायला लागली. मी बाहेर जाऊन उलटी केली. भाऊ पाण्याचा ग्लास घेऊन मागे आले. एक शब्द टाकून बोलले नाहीत. एवढंच म्हणाले, "रडू देत जा. रडते म्हंजे सास सुरू हाये."

त्यानंतर मी त्यांच्या नावाला हसले नाही. दुपारी आम्ही सोबत डबा खायला लागलो. तात्यापारा वस्तीतल्या त्यांच्या घरून वहिनी भाकर-भाजी द्यायच्या. हळूहळू भाकर गेली, पोळी आली. मग पोळीही दुधात कुस्करलेली. मग नुसता मऊ वरणभात, चहाच्या चमच्याने. हे सगळं मी रोज समोर बसून बघत होते आणि मला दिसत नव्हतं. एका दुपारी चमचा त्यांच्या दातांवर अडखळला आणि मी माझा डबा बाजूला सारला.

"भाऊ, बोटं घाला तोंडात."

"जेवू तर द्या."

"आत्ता घाला."

एकच बोट गेलं, तेही आडवंतिडवं. सुपारी-तंबाखूचा खर्रा त्यांनी कधीच सोडला होता. खर्ऱ्याने त्यांना सोडलं नव्हतं. मी ओरडलेच, "अख्ख्या वॉर्डाची तोंडं बघता, स्वतःचं काहून नाही पाहिलं?"

ते डब्याकडे बघत राहिले. "भेव लागलं, मॅडम. दुसऱ्यासाठी भेव लागलं की हात चालते. सोतासाठी लागलं तर हातच उठत नाही."

तपासणीत तोंडाचा कर्करोगच निघाला. त्यांच्या ऑपरेशनच्या दिवशी सर म्हणाले, "नळी तू घाल. तो तुझंच नाव घेतोय." भाऊ टेबलावर आडवे झाले, ट्रॉलीवर नजर टाकली. सिरिंज, चाकू, सगळं जागच्या जागी होतं. मग म्हणाले, "आज मले भेव नाही लागून राह्यलं." भेव लागल्याचं ते वाक्य म्हटल्याशिवाय त्या खोलीत कधी काम सुरू झालं नव्हतं. मी म्हणाले, "भाऊ, मले भेव लागून राह्यलं."

"हव," ते म्हणाले, "मंग करा सुरू."

दुर्बीण घशात उतरली आणि भाऊ रडायला लागले. तीस वर्षं दुसऱ्यांचे हात धरलेला तो माणूस लेकरासारखा हुंदके देत होता, डोळ्यांनी मला विनवत होता. झोपेचं औषध माझ्या हाताजवळ होतं. मी ते घेतलं नाही. प्रत्येक हुंदका मोजत नळी सरकवत राहिले. त्यांना रडू दिलं.

त्यानंतर भाऊ दीड वर्ष जगले. शेवटच्या महिन्यांत त्यांच्या मॉर्फिनचा डोस वाढवताना प्रत्येक वेळी मला भेव लागायचं, आणि मी डोस वाढवायचे.

आता शिकायला येणारे डॉक्टर माझ्या हाताखाली असतात. पेशंट टेबलावर आला की मी भाऊंचं ते वाक्य म्हणते. पाठीमागे हसतात, मला ठाऊक आहे. परवा एकीने धीर करून विचारलं, "मैडम, इतने साल बाद भी आपको सच में डर लगता है?"

"हव," मी म्हणाले, आणि उतारा भरलेली सिरिंज तिच्या हाताजवळ सरकवली.