यमुनाच्या पोटातलं पाणी

सत्त्याण्णव-अठ्ठ्याण्णवचा पावसाळा संपत आला होता. नाशिकच्या एका हॉस्पिटलमध्ये, लहान मुलांच्या आयसीयूत, मी नवीनच नर्स म्हणून लागले होते. एका दुपारी डोंगरातल्या पेठ तालुक्यातून जीपमधून पाच वर्षांची मुलगी आली... यमुना.

नागलीच्या शेताच्या बांधावर तिला घोणस चावली होती. विषावरचं औषध पेठलाच मिळालं, जीव वाचला, पण विषाने किडनी बंद पडली होती, दोन दिवसांपासून लघवीचा थेंब नव्हता. अंग सुजून डोळे मिटलेले, श्वास जड.

एवढ्या लहान मुलांना झेपेल असं डायलिसिसचं मशीन तेव्हा आमच्याकडे नव्हतं. डॉक्टरांनी तिच्या पोटात बारीक नळी घातली. त्या नळीतून औषधाचं कोमट पाणी पोटात सोडायचं, थोडा वेळ ठेवायचं, आणि मग कॉटखालच्या पिशवीत काढून घ्यायचं. रक्तातली घाण त्या पाण्याबरोबर बाहेर येते. हे दर तासाला, दिवसरात्र... किडनी जागी होईपर्यंत.

आमच्या इन्चार्ज सिस्टरना सगळे ताई म्हणायचे. बाटली गरम पाण्यात ठेवून कोमट झाली की त्या ती मनगटाला लावून बघायच्या, मगच जोडायच्या. पाणी कमी परत आलं की यमुनाला अलगद कुशीवर वळवायच्या, आणि थांबलेली धार पुन्हा सुरू व्हायची. त्यांना कंटाळलेलं मी एकदाही पाहिलं नाही.

यमुनाची आई हिराबाई, असेल चोवीस-पंचवीसची. ताईंनी तिला मास्क बांधून कॉटजवळ बसू दिलं होतं. ती फारसं बोलायची नाही. लेकीचा पाय धरून बसायची आणि पिशवी बघत राहायची.

पाचव्या दिवशी सकाळी मी चार्ट भरत होते... किती गेलं, किती आलं. आकडे अगदी चोख जुळत होते. हिराबाई हळूच म्हणाली, "सिस्टर, कालचं पाणी नितळ व्हतं. आज पेजेवानी दिसतंय."

मी पिशवीकडे पाहिलं. मला तर नेहमीसारखीच दिसली. "असंच असतं ते," म्हटलं, आणि पुढच्या बाटलीकडे वळले.

ती खाली बसली नाही. ताई राउंडला आल्या तशी सरळ त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली आणि तेच पुन्हा सांगितलं.

ताईंनी पिशवी उचलून खिडकीपाशी नेली, मागे वर्तमानपत्र धरलं. पाण्याआडून अक्षरं धूसर दिसत होती. त्यांनी तिथल्या तिथे डॉक्टरांना बोलावलं, नमुना लॅबला पाठवला. पोटात इन्फेक्शन सुरू झालं होतं... अगदी सुरुवातीलाच सापडलं. त्याच दुपारपासून पाण्यातून अँटिबायोटिक सुरू झालं. डॉक्टर म्हणाले, संध्याकाळपर्यंत थांबलो असतो तर अवघड होतं.

ताई मला रागावल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "तू चार्ट बघत होतीस. ती पाणी बघत होती."

तीन दिवसांत पाणी पुन्हा नितळ झालं. आणि नवव्या दिवशी दुपारी लघवीसाठी लावलेल्या वेगळ्या पिशवीत पिवळसर काहीतरी दिसलं... जेमतेम दोन चमचे. डॉक्टर, ताई, मी, शेजारच्या कॉटवरच्या बाळाची आजी, सगळे वाकून ती पिशवी बघत होतो. हिराबाईला आधी कळेना की एवढ्याशा लघवीचं आम्हाला काय अप्रूप. किडनी जागी झाली, असं ताईंनी सांगितलं तेव्हा ती मटकन खाली बसली आणि पहिल्यांदा रडली.

आठवड्याभरात नळी निघाली. यमुना मऊ भात खायला लागली, आम्हाला ओळखून लाजायला लागली. घरी जायच्या दिवशी मी हिराबाईला बाजूला घेऊन म्हटलं, "त्या दिवशी माझं चुकलं. मी तुमचं ऐकायला हवं होतं."

ती माझ्याकडे बघून हसली. म्हणाली, "पोर घरी चालली ना माझी... मंग काय."

आता नाशिकमध्ये अगदी तान्ह्या बाळांचंही डायलिसिस दिवसरात्र सलग मशीनवर चालतं, आणि ते बघताना मला खरंच कौतुक वाटतं. तरी नवीन मुलींना ड्युटी समजावताना मी आधी हेच सांगते... पेशंटच्या आईला काही वेगळं वाटलं, तर हातातलं पेन खाली ठेवा आणि उठून बघा. हे मला पेठच्या डोंगरातल्या, शाळेत न गेलेल्या एका बाईने शिकवलं.