बाजारात गेलेलं पुस्तक

भोयेकाका गेल्याचं कळलं तेव्हा मी वाचनालयाच्या काउंटरवर एका बाईंशी भांडत होते. त्यांनी परत आणलेल्या पुस्तकावर डाळीचे डाग होते आणि ते डाग आधीपासूनच होते, असं त्यांचं म्हणणं होतं. तेवढ्यात साखरशेतहून काकांच्या मुलाचा फोन आला. "ताई, दादा गेले. सकाळी चहा मागितला, आणि चहा येईपर्यंत..." पुढचं त्याला बोलवेना आणि मला ऐकवेना. फोन ठेवून मी त्या बाईंना म्हटलं, "राहू द्या, डाग जुनेच असतील." त्या घाबरल्याच. मी एवढ्या सहज माघार घेतली म्हणजे काहीतरी वाईट घडलंय, हे त्यांनी लगेच ओळखलं. आज त्याला सहा आठवडे होतील. रडून झालं आहे. आता लिहायला बसले तर सारखं हसूच येतंय, आणि त्याची मला लाज वाटत नाही. काकांबरोबर काढलेल्या वर्षांत आम्ही जेवढं भांडलो त्याच्या दुप्पट हसलो.

दामू भोये हे मोखाड्याच्या आमच्या सार्वजनिक वाचनालयाचे ग्रंथपाल. घर जव्हार तालुक्यातल्या साखरशेतला, थोडी भाताची आणि नागलीची, म्हणजे नाचणीची, शेती. रोज सकाळी जव्हारला यायचं आणि तिथून मिळेल त्या एसटीने नाहीतर जीपने मोखाडा गाठायचा. नव्वदच्या दशकात, नाशिकला ग्रंथालयशास्त्राचा अभ्यासक्रम पुरा करून, मी त्यांच्या हाताखाली सहायक म्हणून लागले. वर्गीकरण, दाखलनोंद, तालिका... सगळं मला येत होतं आणि ते सगळं मला येतं हे मी दर तासाला सांगत होते. काका ऐकून घ्यायचे आणि म्हणायचे, "बरं झालं बाई, आता मी निवांत मरायला मोकळा." पहिल्याच आठवड्यात मी कार्डांचं लाकडी कपाट तपासायला घेतलं. खण ओढला, 'नागली' हा विषय काढला. दोन कार्डं पुस्तकांची होती. तिसऱ्या कार्डावर त्यांच्या वळणदार अक्षरात लिहिलं होतं, "भागी लहानू, खालचा पाडा. जुनं बियाणं, हळवं-गरवं (लवकर नि उशिरा पिकणारं). बाजारच्या दिवशी भेटते." आणि मागच्या बाजूला लिहिलं होतं, "थेट विचारू नये. आधी म्हशीची चौकशी करावी."

मी ते कार्ड नाचवत त्यांच्यापुढे गेले. "काका, हे काय आहे? हे पुस्तक नाही, ही बाई आहे."

"मग? तिला पुस्तकापेक्षा कमी माहीत आहे का?"

मग कळलं की अशी चाळीसेक माणसं त्या खणांत पुस्तकांच्या मधोमध बसलेली आहेत. तारपा बनवणारा एक आणि वाजवणारा दुसरा, दोघांची कार्डं वेगळी, कारण त्या दोघांचं पटत नव्हतं. बोहाड्याच्या उत्सवातले मुखवटे रंगवणारे म्हातारबाबा होते. जव्हारजवळच्या शिरपामाळावर पाहुणे आले तर त्यांना जुन्या वाटा दाखवणारा एक गुराखी होता. 'विंचू' या विषयाखाली "प्रथम सरकारी दवाखाना" असं ठसठशीत लिहून खाली एका भगताचं नाव होतं आणि पुढे कंसात, "फक्त धीर द्यायला." पूर्वी कधीतरी एक माणूस आठ-नऊ मैल चालत काही विचारायला वाचनालयात आला होता. कपाटात त्यावर पुस्तक नव्हतं, म्हणून काकांनी त्याला परत पाठवलं. दोन दिवसांनी त्यांना कळलं की ती गोष्ट पक्की जाणणारी बाई वाचनालयाच्या मागच्याच गल्लीत राहते. काका म्हणाले, "त्या दिवशी मला जेवण गेलं नाही गं. माणूस माझ्या दारात आला, उत्तर माझ्या भिंतीपलीकडे होतं, आणि मी त्याला नाही म्हटलं." त्याच आठवड्यात पहिलं माणसाचं कार्ड झालं. कार्डावरचं कुणी वारलं, की काका दिवस झाल्यावर त्या घरी जायचे आणि आता हे कोणाला येतं ते विचारून जुन्या नावाखाली नवं नाव लिहायचे. नाव सापडलं नाही तर आठ-आठ दिवस गप्प राहायचे.

मला हे सगळं पटलं म्हणता? छे! मी त्या कार्डांना वर्गांक कुठला द्यायचा यावरून त्यांचं डोकं खाल्लं. पण हळूहळू बघत गेले. कचेरीच्या पायरीवर उभं राहून आत जायचं धाडस न करणारी पाड्यावरची माणसं आमच्याकडे मात्र यायची. शाळेतली मराठी त्यांच्या तोंडी अवघडायची, त्यामुळे चारचौघांत तोंड उघडायला लाजायची. काका त्यांच्याशी त्यांच्या बोलीत बोलायचे, खण उघडायचे आणि एक नाव द्यायचे. माणूस ताठ मानेने बाहेर पडायचा. सहा महिन्यांत मीच लोकांना म्हशीची चौकशी करायला शिकवू लागले.

मग दोन हजारनंतर कधीतरी आमच्याकडे संगणक आला. गावभर कौतुक. वाचनालयाच्या अध्यक्षांनी हार घातला, तो मी पडद्यावरून काढला. त्याच दिवशी समितीच्या बैठकीत अध्यक्ष म्हणाले की सगळी नोंद संगणकावर गेली, की ते कार्डांचं धूड बाहेर काढायचं आणि तिथे पाहुण्यांसाठी सोफा ठेवायचा. संध्याकाळी जीपची वाट बघत आम्ही स्टँडवर उभे होतो, तेव्हा काका म्हणाले, "पुस्तकं जातील गं संगणकात. माझी माणसं कुठे जाणार? कपाट गेलं, मी गेलो, की पुन्हा कुणीतरी आठ मैल चालत येईल आणि त्याला नाही ऐकून परत जावं लागेल." मी त्यांना इतकं हताश कधी पाहिलं नव्हतं. मला वाईट वाटलं आणि रागही आला. राग आला की मी काहीतरी करते, आणि ते बहुतेक वेळा चुकतं.

मी ती चाळीस माणसं संगणकात भरली, पुस्तकं म्हणून. त्या प्रणालीत दुसरी सोयच नव्हती. लेखक या रकान्यात माणसाचं नाव, शीर्षकात त्याची विद्या, प्रकाशनस्थळात पाडा. पण पृष्ठसंख्या भरल्याशिवाय ते यंत्र पुढे सरकेना. शून्य टाकलं तर लाल पट्टी यायची. विजेचा काही भरवसा नव्हता, पुन्हा कधी जाईल सांगता येत नव्हतं. मग मी सरळ त्या माणसांची वयं अंदाजाने पृष्ठसंख्येत टाकली. भागीबाय बहात्तर, मुखवटेवाले बाबा ऐंशी. बांधणीच्या रकान्यात भागीबायला 'मजबूत' लिहिलं, कारण ती मला आवडायची. छापील यादी काढून काकांपुढे ठेवली. ते लाल पेन घेऊन बसले, तीन दिवस ओळ न् ओळ तपासली, पुस्तकांच्या नावांतल्या चुका काढून माझी हजेरी घेतली. माणसांवर एकही खूण केली नाही. मला वाटलं, वय झालं, नजरेतून सुटलं असेल.

आणि पुढच्याच महिन्यात तपासणी लागली. ठाण्याहून साहेब आले, तेही नेमके बाजारच्या दिवशी. पट्टीने आखल्यासारखा भांग पाडलेले, चहा नको म्हणणारे. त्यांची पद्धत अशी की यादीत कुठेही बोट ठेवायचं आणि ते पुस्तक समोर आणायला सांगायचं. चार पुस्तकं मी झटकन आणून ठेवली. पाचव्या वेळी त्यांचं बोट थांबलं. "नागलीचं बियाणं. लेखिका भागी लहानू. पृष्ठे बहात्तर. हे चांगलं दिसतंय, आणा बघू." तोपर्यंत माझी नेमणूक कायम झालेली नव्हती. खोटी नोंद म्हणून शेरा पडला असता तर मी त्याच दिवशी घरी बसले असते. मी तोंड उघडणार, तेवढ्यात काका उठले. "साहेब, ते पुस्तक बाजारात गेलंय. बसा, दहा मिनिटांत आणतो." आणि चप्पल सरकवून निघूनही गेले.

ती दहा मिनिटं मी कशी काढली ते मलाच माहीत. साहेब यादी पुढे चाळत होते आणि त्यांच्या भुवया वर वर चालल्या होत्या. तेवढ्यात दारात आवाज आला. "दामू, माझा अख्खा बाजार मोडलास रं. कोन साहेब आलाय यवढा?" डोक्यावर पाटी तशीच घेऊन भागीबाय आत आली. काका म्हणाले, "साहेब, हे पुस्तक. बोलतं आहे, एवढाच फरक." मी जमिनीकडे बघत होते. साहेबांनी यादी वर केली आणि अगदी कोरड्या आवाजात वाचलं, "पृष्ठे बहात्तर... म्हणजे काय?"

आता लपवण्यात अर्थ नव्हता. "वय," मी म्हटलं.

भागीबायने पाटी धाडकन खाली ठेवली. "कोनी सांगला बहात्तर? मी साठीची बी नाय अजून! दामू, ही पोर खोटा लिवते!"

साहेब हसले. आधी नाकातून, मग खुर्चीला धरून. त्यांनी चहा मागवायला सांगितला तेव्हा माझ्या जिवात जीव आला. मग त्यांनी तिला हळवी नागली म्हणजे काय ते विचारलं. "माझी म्हस कशी हाय, तां त ईचारला नाय," असं म्हणून तिने त्यांना आधी चांगलं झापलं. आपल्याकडे म्हैस नाही, म्हणून सुचलं नाही, असं त्यांनी कबूल केल्यावर मात्र अर्धा तास सांगितलं. कुठल्या माळाला कुठलं बियाणं, रोपांच्या वाफ्यासाठी राब कधी भाजायचा, पाऊस लांबला तर आवण, म्हणजे ती रोपं, कशी जपायची. शेवटी साहेबांनी वही मिटली आणि हळूच विचारलं की त्यांच्या आईच्या हातची नाचणीची भाकरी मऊ व्हायची, तशी आता घरी होत नाही, का? "पीठ उकळत्या पान्यात घे म्हनावा," भागीबाय म्हणाली, "आन् बायकोला नको सांगू, तूच कर."

साहेबांनी शेरा लिहिला. माणसं पुस्तकांच्या यादीतून वगळावीत, असं त्यात होतं, आणि ते बरोबरच होतं. पण खाली आणखी एक ओळ होती. सदर व्यक्तींची सूची स्वतंत्रपणे ठेवावी, अद्ययावत करावी, मूळ कार्डे कपाटासह जतन करावीत आणि पुढील तपासणीत दाखवावीत. सही, शिक्का. अध्यक्षांनी तो शेरा दोनदा वाचला आणि सोफ्याचं नाव काढलं नाही.

या सगळ्यात काका खुशीत आणि मी मात्र चार दिवस त्यांच्याशी अबोला धरला, कारण माझा जीव टांगणीला लागला होता आणि त्यांना एकदाही घाम फुटला नव्हता. त्यामागचं खरं मला ते निवृत्त झाल्यावर, गेल्या दिवाळीनंतर साखरशेतला त्यांना भेटायला गेले तेव्हा कळलं. तीच आमची शेवटची भेट. अंगणात भात झोडून ठेवलेलं होतं, काका खाटेवर बसले होते, पाय सुजलेले. मी सहज म्हटलं, "काका, तुम्ही त्या यादीत वयं पाहिली नव्हती ना?" ते माझ्याकडे बघत राहिले. "सुनंदे, मी तीन दिवस ती यादी वाचत होतो. डोळे होते की मला." मी उडालेच. "मग खोडलं का नाहीत?" तर म्हणाले, "समितीपुढे मी कितीही बोललो असतो, कुणी ऐकलं असतं? कपाट वाचवायला साहेबाचा शेरा पाहिजे होता. आणि चूक दिसल्याशिवाय साहेब शेरा लिहीत नाही." मग जरा थांबून म्हणाले, "तुझ्यावर आलं असतं तर नोंद माझी म्हणून लिहून देणार होतो. कागद खिशात तयार होता." मला त्यांचा भयंकर राग आला... आणि मी उठून त्यांच्या पाया पडले. त्यांना तेही चमत्कारिक वाटलं.

गेल्या सोमवारी तहसील कचेरीतले एक कारकून वाचनालयात आले. त्यांचं नाव लिहीत नाही. तालुक्यात त्यांच्या खिडकीला सगळे टरकून असतात, एवढं सांगितलं तरी मोखाड्याच्या माणसाला कळेल. पुढच्या महिन्यात निवृत्त होताहेत. म्हणाले, "दाखल्यांच्या कामासाठी तुमच्याकडे माझं कार्ड आहे म्हणे. आता भोये नाहीत, बदल कोण करणार? म्हणून मीच आलो. नवीन मुलगी आली आहे माझ्या जागी, तिला सगळं शिकवलंय, तिचं नाव लिहा." मी खण ओढला, कार्ड काढून दिलं. त्यांनी स्वतःच्या पेनाने, आपल्या नावाखाली, त्या मुलीचं नाव लिहिलं. मग कार्ड उलटलं. मागे काकांनी लिहिलेलं मला पाठ होतं, त्यामुळे मी घाईघाईने दुसरीकडे बघू लागले. "ओरडतो. ओरडू द्यावं. मनाने चांगला आहे, कागद अडवत नाही. न भिता विचारावं."

त्यांनी तिथेच उभं राहून ते वाचलं. चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. मग ज्या आवाजाला सगळा तालुका भितो त्या आवाजात नाही, अगदी हळू म्हणाले, "ताई, हे मला मिळेल का? नवीन करा तुम्ही त्या मुलीचं." मी म्हटलं, "कार्ड बाहेर जात नाही." "मग झेरॉक्स?" झेरॉक्सचं दुकान रस्त्यापलीकडे. मी काउंटरवर "पाच मिनिटांत येते" अशी पाटी ठेवली, वाचनालयाला कुलूप लावलं आणि कार्ड दोन्ही हातांत धरून निघाले. भर रस्त्यातून ते कारकून माझ्या शेजारून चालत होते, आणि वाऱ्याने उडू नये म्हणून कार्डावर त्यांनी आपला हात धरला होता.