तांबडा दगड

सन एकोणीसशे चौऱ्याहत्तर. मी तेव्हा एकतीस वर्षांचा. सिनेमावाल्यांना एक जुनं विमान खरोखरच पोटावर आपटायचं होतं, त्यासाठी त्यांनी माझं काळं रान निवडलं. मी ते नांगरून पार भुसभुशीत केलं. आदल्या संध्याकाळी पायलट माझ्यासंगं त्यात अनवाणी फिरला.

"दादा, एखादा दगड राहिला तर मी काही उठत नाही."

"माझ्या रानात दगड सापडला तर मिशी उतरवीन!" मी म्हणालो. तसली मिशी पंचक्रोशीत नव्हती.

विमान टेकलं, एक पंख मोडला आणि सगळं धुरळ्यात गडप झालं. अख्खं गाव बांधावर वाट बघत उभं. आता नातू मोबाइलवर विमानं पडताना दाखवतो. ती कॉम्प्युटरातच मोडतात म्हणे. त्यातून बाहेर येणाऱ्या कुणाची वाट बघावी लागत नाही.

धुरळ्यातून पायलट लंगडत आला. मुठीत दगड.

"दादा, मिशी?"

गाव हसलं. दगड तांबडा होता, माझ्या रानात तसला नाहीच. लेकाच्यानं खिशातून आणला होता. पण मिशी मागायला तो जिवंत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी न्हाव्यापुढे बसलो आणि मिशी उतरवली.