चुंबळ

तंबोऱ्यासाठी फायबरची पेटी घ्यावी की आतून फोम लावलेली कापडी, याचा घोळ मी कित्येक महिने घालत होते. तोवर तंबोरा जुन्या खोळीतच फिरायचा. एकदा धसईच्या देवळात गाऊन परतताना मुरबाडच्या जीपवाल्याने तो टपावर बांधायला उचलला, तशी मी खोळ दोन्ही हातांनी धरून ठेवली.

"वर नको रे, आत दे," जीपमधली एक बाई म्हणाली. तिची स्वतःची भाजीची पाटी टपावर गेली होती.

खोळीवरून हात फिरवत तिने विचारलं, "भोपळा हाय ना गो?" मी हो म्हटलं. डोक्यावर पाटीखाली ठेवायची कापडाची चुंबळ तिच्या हातात होती. ती तिने पायांमध्ये ठेवली, तंबोऱ्याचा भोपळा तिच्यावर टेकवला आणि दांडी खांद्याशी धरली. खड्ड्यात ती स्वतः आदळायची, पण पकड सुटली नाही.

मी पेटीचं सांगितलं. "घे की. पण बूड मऊ जाग्याव टेकव, नायतर पेटीतच फुटंल."

ती लेकीकडे निघाली होती; त्या गावचा फाटा आला तशी ती उतरू लागली. मी चुंबळ उचलून द्यायला वाकले, तर म्हणाली, "ऱ्हाऊ दे. तुला अजून लांब जायचाय."

पुढे मी फायबरची पेटी घेतली. तिच्यातली मखमली गादी काढून तिथे ती चुंबळ बसवली. तंबोरा ठेवताना हात अजून जरा थांबतो, कारण जीप सुटल्यावर मी मागे वळून पाहिलं होतं. पदराचीच गुंडाळी डोक्यावर ठेवून ती आपली भरलेली पाटी उचलत होती.