मथुरामावशींचा डबा

“डबा तोच हाय, बाई दुसरी हाय,” काउंटरमागचा माणूस शेजारच्याला हळूच म्हणाला. मी ऐकलंच नाही असं दाखवून केबलच्या वेटोळ्यांकडे बघत राहिले.

डबा मथुरामावशींचा होता. स्टीलचा, तीन कप्प्यांचा. त्यात जेवण मी कधीच पाहिलं नाही. वरच्या कप्प्यात मासळीच्या पाटीचा फाटका काठ, मधल्यात खिडकीच्या चौकटीचे तुकडे, खालच्यात बोटभर जाडीची पट्टी. सगळं अॅल्युमिनियम. बोईसरमधल्या वेल्डिंग मशीन विकणाऱ्यांना हा डबा ओळखीचा होता. मावशींनी स्वतःसाठी दोनच मशिनं घेतली असतील, पण नवापूरपासून बेटेगावपर्यंत ज्याला नवं मशीन घ्यायचं असे, तो आधी मावशींना रिक्षात बसवी. दुकानात गेल्या की त्या डबा उघडून काउंटरवर मांडत. “ह्याच्यावर चालवून दाखव.” एकदा एक दुकानदार वैतागला, म्हणाला, मावशी, कंपनीचा माल आहे, शंका कसली घेता? त्यावर मावशी शांतपणे म्हणाल्या, “पापलेट तर देवाच्या घरचा माल हाय. तरी मी कल्ला उचलून बगतेच ना?”

नवापूरच्या रस्त्यावर त्यांची पत्र्याची शेड. नवरा तारापूरच्या एका कारखान्यात आर्गन वायूवर अॅल्युमिनियम जोडणारा वेल्डर होता. त्याच्याकडून त्या शिकल्या, आणि तो गेल्यावर शेड बंद पडू दिली नाही. कोळणींच्या पाट्या, शिड्या, टेम्पोचे फाळके, जे फुटेल ते त्यांच्याकडे यायचं. आमच्या घरची शिडीही तशीच आली. बाबांनी ती माझ्याबरोबर पाठवली होती. डिप्लोमा संपवून मी घरात बसले होते आणि बाबांच्या मते मला बाहेर काढायला काहीतरी निमित्त हवं होतं. शिडी जोडून झाली तरी मी कोपऱ्यात उभीच. काही विचारायचं धैर्य नव्हतं, निघायचं मन नव्हतं. मावशींनी मान वर न करता वेल्डिंगची एक काळी काच पुढे केली. “बगायचं असेल तर ही धर. नायतर डोले जातील.”

मी दुसऱ्या दिवशीही गेले.

शिकवताना त्या फार बोलत नसत, पण बोलल्या की विसरता येत नसे. कॉलेजात ऑक्साइडच्या थरावर मी पानभर उत्तर लिहिलं होतं. मावशी म्हणाल्या, “दुधावर साय असते ना, तशी अलमिनियमवर हाय. दिसत नाय. एसी करंट ती साय फाडतो. डीसी लावलास तर साय तशीच, आणि खाली सगलं वितलून बसतं.” मशीन कसं निवडावं याबद्दलही त्यांचं एकच सांगणं होतं. “वर किती अँपिअर जातं ते सगलेच छाती फुगवून सांगतात. खाली किती येतं ते विचार. पाटीचा पत्रा पातल असतो, त्याला मंद आच लागते.” शिकाऊ माणसाने पायाचं पेडल असलेलं मशीन घ्यावं, असंही त्या म्हणत. हात आधीच दोन कामांत गुंतलेले असतात, आच पायाकडे द्यावी.

माझी खोड त्यांना लवकर कळली. काही समजलं नाही तरी मी मान हलवायची. एकदा लोखंडाचं काम करून झाल्यावर मशीन डीसीवरच राहिलं होतं. “एसीवर घेतलंस ना?” असं त्यांनी पलीकडून विचारलं आणि मी मान हलवली. शिवाय पत्रा लाल होण्याची वाट बघत बसले. लोखंड लाल होतं, अॅल्युमिनियम होत नाही. ते शेवटपर्यंत शांत दिसतं आणि मग एकदम खाली पडतं. एका कोळणीच्या पाटीला माझ्या मुठीएवढं भोक पडलं. ती बाई संध्याकाळी आली तेव्हा मी मशीनच्या आड सरकले.

“आमी भोक पाडलं,” मावशी म्हणाल्या. “उद्या ठिगल लावून देतो. आज माझी पाटी घेऊन जा.”

बाई गेल्यावर मी रडायला लागले. मावशींनी तो वितळलेला गोळा उचलून डब्याच्या मधल्या कप्प्यात टाकला. “ऱ्हाऊ दे. कामाला येईल.”

दोन वर्षांत मावशींच्या डोळ्यांनी दगा दिला. डॉक्टरांनी काच कायमची खाली ठेवायला सांगितली, आणि त्याच सुमारास शेडमधलं जुनं मशीनही बसलं. नवं एकच घेता येणार होतं. ते चुकलं तर शेडला कुलूप, हे आम्हा दोघींनाही माहीत होतं. मला वाटलं, मावशी नेहमीसारख्या दुकानात शिरतील आणि मी मागे उभी राहीन. पण दुकानासमोर रिक्षा थांबल्यावर त्यांनी डबा माझ्या मांडीवर ठेवला. “चालवनार तू. मग निवडनार पन तू. मी हितंच बसते, शेंगा खाते.”

“मॅडम, शिकणाऱ्यांसाठी हे एकदम बेस्ट,” सेल्समन एका हाताने छोटं मशीन उचलत म्हणाला. “हलकं आहे, घरच्या लाइटवर चालतं, आर्गन पण होतं.”

“अॅल्युमिनियम?” मी इतक्या हळू विचारलं की त्याने काउंटरवर वाकून ऐकलं.

“सब होता है, मॅडम.”

मशीनच्या तोंडावर डीसी एवढंच लिहिलेलं होतं. मला ते दिसत होतं, आणि तरीही माझी मान हलत होती. त्याने खोका पुढे ओढला आणि मशीन आत ठेवायला घेतलं. मी काचेच्या दारातून बाहेर पाहिलं. मावशी रिक्षात पाठमोऱ्या बसल्या होत्या, मुद्दाम. शेंगांची टरफलं तेवढी एकेक करून बाहेर पडत होती. त्या एकदाही वळल्या नाहीत. मी आत काय करेन याची त्यांना शंकाच नसावी.

मी डबा उघडला. मधल्या कप्प्यात अगदी वर माझाच तो वितळलेला गोळा होता. तो बाजूला ठेवून मी पाटीचा काठ काउंटरवर मांडला. काउंटरमागचे दोघे मान पुढे काढून बघू लागले.

“हे डीसी आहे. एसी-डीसीवालं काढा, पेडलचं,” मी म्हणाले. आवाज पार रस्त्यापर्यंत गेला असावा. “आणि ह्या तुकड्यावर चालवून दाखवा. आम्ही बघितल्याशिवाय घेत नाही.”