वायरमनभाऊ आणि ताऱ्याचे धागे

प्रिय ईरा आणि मिहिर,

मागच्या रविवारी फोनवर तुम्ही विचारलंत, "आजी, तुझ्या मागे भिंतीवर ते लाल कोळिष्टक कसलं?" मी नंतर सांगते म्हणाले, कारण ज्यांनी तो फोटो काढला ते वायरमनभाऊ चारच दिवसांपूर्वी वारले होते. आता लिहून सांगते. तुम्ही मराठी हळूहळू वाचता, म्हणून सोपं लिहीन. पण वगळणार काही नाही. या गोष्टीत एक चूक माझीही आहे आणि ती तुम्हाला दुसऱ्या कुणाकडून कळू नये.

वायरमनभाऊंना जळता दिवा बघवत नसे. ज्या माणसाने तीस वर्षं खांबांवर चढून कुरखेड्याकडच्या गावांना वीज पोचवली, तोच निवृत्त झाल्यावर लोकांच्या अंगणात शिरून दिवे मालवत हिंडायचा. आधी बटण बंद करायचे, मग घरच्यांची चौकशी. "काऊन जाळून राह्यले बाई? दिवसभराचा उजेड पुरला नाई का?" लोक हसायचे आणि ते गेले की दिवा पुन्हा लावायचे. कुणी म्हणायचं, वायरमनला पेन्शन अंधाराची मिळते.

तुमचे आजोबा गेल्यावर मी आरमोरीची नोकरी संपवून या गावात राहायला आले. महिनाभरातच भाऊ एक जाडजूड कागदांचा गठ्ठा घेऊन दारात उभे राहिले. "बाई, तुम्ही इंग्रजी शिकवत होत्या म्हणते. हे जरा सोडवून द्या." ते एका यंत्राचं माहितीपुस्तक होतं. पृथ्वी फिरते, म्हणून तारे सरकतात. हे यंत्र दुर्बिणीला ताऱ्यांच्या मागोमाग तितक्याच वेगाने सरकवतं, म्हणजे कॅमेरा एकाच जागी पाच-पाच मिनिटं उघडा ठेवता येतो. भाऊंनी ते जुनं यंत्र नागपूरहून आणलं होतं. मला यंत्रातलं काही कळत नव्हतं आणि त्यांना इंग्रजीतलं. मी वाक्य वाचायचे, ते डोळे मिटून ऐकायचे आणि म्हणायचे, "समजलं. पुढचं वाचा." दुसऱ्या दिवशी पाहावं तर ते काम झालेलं असायचं. दुर्बिणीच्या तोंडाला दंव धरतं, त्यावर उपाय पुस्तकात महागडा होता. भाऊंनी जुन्या शेगडीची तार कापडात शिवून तिचा पट्टा केला आणि गाडीच्या बॅटरीवर तो जेमतेम कोमट ठेवला.

त्यांना हवा होता एक विझलेला तारा. वृषभाच्या उत्तरेकडच्या शिंगाशी फार पूर्वी एक तारा फुटला. त्याचे लाल धागे अजून आकाशात पसरत आहेत, पण इतके फिके की दुर्बिणीला डोळा लावूनही काही दिसत नाही. पाच मिनिटांच्या एका फोटोतसुद्धा दिसत नाही. असे शेकडो फोटो संगणकावर एकावर एक ठेवले, तर कुठे ते हळूहळू वर येतात. भाऊ एकेका फोटोला फ्रेम म्हणत. त्यांचा हिशोब तीस तासांचा होता. चंद्र नको, ढग नको, दिवा नको. त्यामुळे वर्षातले हिवाळ्याचे काही आठवडेच हाती लागायचे. मी रजिस्टर ठेवायचे: फ्रेम नंबर, सुरू झाल्याची वेळ, दंव, ढग. दोन हिवाळ्यांत वीस तास जमले.

"घाई कायची बाई? थो उजेड हजारो वर्सं चालून राह्यला. आपल्याले पाच मिनिटं बसाले काय होते?" असं म्हणून ते घोंगडी पांघरत.

तिसऱ्या हिवाळ्यात वाघ आला. धान कापणीच्या दिवसांत शेजारच्या गावातली एक बाई सरपणाला गेली ती परत आली नाही. मग आमच्या तळ्याच्या काठावर दोन बैल गेले. जंगल खात्याचे लोक भोंगा घेऊन सांगून गेले की दिवस मावळल्यावर कुणी बाहेर पडू नये. ग्रामसभेने ठरवलं की गल्लीच्या टोकाला, भाऊंच्या खळ्याजवळच्या खांबावर मोठा दिवा लावायचा. लावणार कोण? भाऊच. ते खांबावर चढले आणि दिवा लावून उतरले. त्या रात्री खळ्यावरून वृषभ तेवढा ओळखू आला, बाकी आभाळ दुधासारखं. मी म्हणाले, "भाऊ, गावासाठी केलंत." ते म्हणाले, "हो जी. केलं न." आणि दुर्बिणीवर पोतं टाकलं.

पौषाच्या अमावस्येला त्यांनी संध्याकाळीच मला बोलावून घेतलं. खळ्यावर त्यांची झोपडी होती. तिच्या पडवीला वाघाच्या भीतीने त्यांनी जाड तारेची जाळी आणि जाळीचंच दार बसवलं होतं. दुर्बीण बाहेर अंगणात, आम्ही आत. साडेसात वाजता गल्लीतले दिवे एकदम गेले. भाऊ डीपीकडून, म्हणजे गल्लीतल्या विजेच्या पेटीकडून, झपाझप चालत आले आणि खिशातून पांढरा किटकॅट काढून मला दाखवला. रस्त्यावरच्या दिव्यांचा फ्यूज त्यांनी काढून आणला होता.

"दोनच तास बाई. लोकाईले वाटन लाइन गेली. कोनी बाहेर तर येतच नाई आता."

मी त्यांना परत लावा म्हणायला हवं होतं. मी वर पाहिलं. असं आभाळ मी आधी पाहिलं नव्हतं. मी रजिस्टर उघडलं आणि तारीख घातली.

बारा फ्रेमा झाल्या. तेरावी चालू असताना तळ्याकडून चितळ ओरडलं. एकदाच. भाऊंनी मान वर केली. मग टिटव्या उठल्या आणि ओरडत आमच्या डोक्यावरून गेल्या. इतक्यात गल्लीच्या टोकाशी मोबाइलचा बारीक उजेड हलताना दिसला.

"भाऊ! ओ भाऊ! लाइन गेली जी! कोठ्यात जनावरं दावं तोडून राह्यले!"

ती सुमन होती, भाऊंची शेजारीण. तिच्या गोठ्यात गाय बिथरली होती, तिला उजेड हवा होता आणि गावात दिवा गेला की सगळे जायचे त्या माणसाकडेच ती निघाली होती.

भाऊ उठले. आणि मी, घड्याळाकडे बघत, रोजच्या सवयीने म्हणाले, "अजून चाळीस सेकंद."

ते थांबले.

किती वेळ थांबले ते मला सांगता येत नाही, घड्याळ समोर असूनही. फार नसेल. दोन श्वास असतील. मग त्यांनी जाळीचं दार ढकललं, अंधारात दुर्बिणीला धडकले, ती पाडली आणि ओरडत डीपीकडे पळाले. "सुमन, थांब! हालू नको! वाकू नको!" डीपी साठेक पावलांवर होती. मला त्यांच्या चपलांचा आवाज ऐकू येत होता, मग तोही येईनासा झाला. मी उभी राहिले, पण जाळीबाहेर पाय टाकला नाही.

दिवा लागला. तणशीच्या, म्हणजे भाताच्या पेंढ्याच्या, ढिगापाशी वाघ उभा होता. सुमन त्याच्यापासून एका बैलगाडीच्या अंतरावर, मोबाइल छातीशी धरून. भाऊंचा एक हात डीपीच्या पेटीतच होता. वाघाने आधी दिव्याकडे पाहिलं, मग सुमनकडे. मग बांध ओलांडून तो तळ्याच्या झुडपांत गेला, कसलीही घाई न करता. सुमन खाली बसली आणि तिला उठवायला तिच्या घरची माणसं काठ्या घेऊन येईपर्यंत भाऊ तसेच उभे होते.

दुसऱ्या दिवशी भाऊंनी स्वतःच ग्रामसभा बोलवायला लावली. "लाइन गेली नव्हती, किटकॅट मीच काढला," एवढंच उभं राहून सांगितलं. कुणाला खरं वाटेना. सुमनने मात्र ऐकलं आणि सगळ्यांसमोर म्हणाली, "तुमचे धागे निघाले असते भाऊ, अन् माही तेरवी." भाऊंनी मान खाली घातली. माझं नाव त्यांनी घेतलं नाही. मी बायकांच्या रांगेत बसले होते आणि उठले नाही.

दंड वगैरे काही झाला नाही. झालं ते असं की पंचायतीने डीपीच्या पेटीला कुलूप लावलं आणि किल्ली दुसऱ्याकडे दिली. वर्षभर गावातल्या एकाही घराने भाऊंना बोलावलं नाही. पंखा अडला, मोटर जळली, तरी लोक कुरखेड्याहून माणूस आणायचे. भाऊ पक्कड पिशवीत घालून रोज सकाळी ओट्यावर बसायचे. मी विषय काढला की म्हणायचे, "बरोबर आहे त्याईचं. वायरमनवर भरोसा नसन, तर तारेले हात लावू देनार कोन?"

बोलावणं आलं ते दुसऱ्या वर्षी चैत्रात, वादळानंतर, सुमनकडूनच. "भाऊ, इन्व्हर्टर भुरभुर करून राह्यला. येता, का आमंत्रण पत्रिका छापू?" भाऊ चप्पल न घालता गेले.

दुर्बीण त्यांनी खळ्यावर पुन्हा मांडली नाही. पडून तिची एक काच तडकली होती, पण ती बदलता आली असती. तीस तास झाले नाहीत, एकवीसवरच काम थांबलं. त्यातून जो फोटो निघाला तो दाणेदार आहे, धागे फिके आहेत. तो त्यांनी भिंतीवर लावला नाही, मला दिला. त्या रात्रीची तेरावी फ्रेम, जी दिव्याच्या उजेडाने नुसती पांढरी आली, तीही पुसू दिली नाही. "कारन लिवा बाई," ते म्हणाले. मी विचारलं, "काय लिहू?" "लिवा, वायरमनची चूक." मी तेवढंच लिहिलं.

गडचिरोलीच्या दवाखान्यात मी त्यांना शेवटचं भेटले, तेव्हा मी ते बोलले. "भाऊ, चाळीस सेकंद मी म्हणाले होते."

ऑक्सिजनची नळी बाजूला करून ते म्हणाले, "तुमी टाइम सांगतला बाई. थांबलो मी."

नर्सने नळी परत लावली. मी घरी आले आणि रजिस्टरमध्ये त्या नोंदीखाली माझं नाव लिहिलं.

दोनशे बावन्न चांगल्या फ्रेमा आणि एक पांढरी, अशा सगळ्या दोन हार्डडिस्कवर आहेत. एक माझ्या कपाटात आहे. दुसरी भाऊंनी जाण्याआधी सुमनला दिली. ती तिने सातबाऱ्याच्या कागदांबरोबर पत्र्याच्या पेटीत ठेवली आहे.