पाचवीचा कागद आणि काचेची पेटी

मंडळी, आत्ताच शेजारच्या स्नेहलकडून पाचवीची पूजा आटपून आले. बाळाच्या कपाळी नशीब लिहायला कुणाकडे सटवाई येते, आमच्याकडे ब्रह्मदेव येतो म्हणतात. म्हणून पाटावर कोरा कागद आणि पेन ठेवायचं.

सगळं मांडून झालं आणि स्नेहलला रडूच फुटलं. तिची लेक वेळेआधी जन्मली, अजून हॉस्पिटलात काचेच्या पेटीत आहे.

"काकू, देव इथे येणार आणि बाळ तिथे. तिच्या कपाळी काही लिहिलंच गेलं नाही तर?"

मी म्हटलं, "अगं वेडे, ब्रह्मदेवाला चार तोंडं आहेत, चहूकडे बघतो तो. भाईंदरच्या ट्रॅफिकमधूनही शोधेल तुझ्या पोरीला."

सासू डोळे पुसत म्हणाली, "शोधेल हो, पण पेन इथेच राहिलं ना!"

झालं! स्नेहलच्या नवऱ्याने कागद-पेन उचललं, पायात चप्पल सरकवली आणि थेट हॉस्पिटल गाठलं.

थोड्या वेळाने त्याचा फोन आला. सिस्टरने पेटीत काही ठेवू दिलं नाही, पण कागद बाहेरून काचेला चिकटवला. पेन मात्र स्वतःच्या खिशात ठेवलं. म्हणाली, "रात को ड्यूटी मेरी है. भगवान माँगेगा तो दे दूँगी."

ऐकून स्नेहल रडता रडता हसली हो!

ज्या ब्रह्मदेवाला देवघरात फारसं कुणी बसवत नाही, त्याची आज एक सिस्टर पेन घेऊन वाट बघतेय. त्या पोरीच्या कपाळी काय लिहायला सांगाल तुम्ही?